जडसनचा वनवास

मिशनरी हा शब्द आमच्या घरांतून निघाला म्हणजे त्याच्याबरोबर एक ठरलेलें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. चवाठ्यावर उभा राहून आपल्या देवांची टवाळी करणारा, हातांत लहान चोपड्या घेतलेला, मोडकें मराठी बोलणारा गोरा मनुष्य. मुंबईच्या समुद्रकांठीं त्याच्या मंडळींशीं वाद घालणारे विष्णुबोवा ब्रह्मचारी. आणि नारायण वामन टिळकांनीं धर्म बदलला तेव्हां त्यांच्या घरीं उडालेला हलकल्लोळ, जो लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळें मराठी वाचणाऱ्या सर्वांस ठाऊक झाला आहे. हें चित्र खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या ईश्वराचा निरोप सांगावयास मनुष्य घर सोडून निघाला, तो ईश्वरच त्याला दिसेनासा झाला म्हणजे तो मनुष्य काय करतो, हा प्रश्न वादविवादाच्या पलीकडला आहे, आणि तो कोणत्याही एका धर्माचा नाहीं. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें अशाच एका मनुष्याची हकीकत ठेवणार आहों.

अदोनिराम जडसन याचा जन्म अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स प्रांतांत ९ ऑगस्ट १७८८ रोजीं झाला. बाप धर्मोपदेशक, स्वभावानें कडक. मुलगा कुशाग्रबुद्धि, तीन वर्षांचा असतांना आईनें त्याला वाचावयास शिकविलें, आणि १८०७ सालीं तो ब्राऊन येथील विद्यालयांतून पहिल्या क्रमांकानें बाहेर पडला. तेथें जेकब ईम्स नांवाच्या मित्राच्या संगतीनें त्याचा बापाच्या धर्मावरील विश्वास उडाला होता. पुढल्या वर्षीं प्रवासांत तो एका खानावळींत उतरला असतां शेजारच्या खोलींत कोणी तरुण रात्रभर तळमळत होता. सकाळीं चौकशी करतां कळलें कीं, तो रात्रींच वारला. आणि नांव विचारतां उत्तर मिळालें तें ईम्सचें. ज्याच्या तर्कानें आपण निर्धास्त झालों होतों, तोच पलीकडे भिंतीआड मरत होता, या धक्क्यानें जडसन घरीं परतला. श्रद्धा भयांतून उगवली तर ती टिकाऊ होते काय, अशी शंका येथें कोणासही येईल. आम्हांसही येते. तिचें उत्तर पुढील वीस वर्षांनीं दिलें.

६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम गांवीं पांच तरुणांस परदेशीं धर्मप्रसारासाठीं दीक्षा मिळाली. जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राइस हे ते पांच. जडसन त्या वेळीं तेवीस वर्षांचा होता व आदल्याच दिवशीं त्याचा विवाह झाला होता. वधूचें नांव ॲन, वय बावीस. त्या काळीं अमेरिकेंतून हिंदुस्थानास जावयाचें म्हणजे माघारी येण्याची आशा सोडूनच जावयाचें, आणि ही गोष्ट जडसननें विवाहापूर्वीं आपल्या सासऱ्यास पत्र लिहून आडपडदा न ठेवतां कळविली होती. असलें पत्र हातीं पडल्यावरही ज्या बापानें कन्येचा निर्णय तिच्यावरच सोंपविला, त्याच्याविषयीं चरित्रकार फारसें लिहीत नाहींत. आम्हांस तो बापही लक्षांत ठेवण्यासारखा वाटतो.

यांपैकीं हॉल व नॉट हे आपल्याकडे आले. फेब्रुवारी १८१३ मध्यें ते मुंबईस उतरले, कंपनी सरकारनें त्यांस हांकून देण्याचा बराच प्रयत्न केला, परंतु शेवटीं ते राहिले; अमेरिकन मराठी मिशन म्हणतात तें हेंच. अहमदनगरची त्यांची पुढील कामगिरी, १८४२ सालीं निघालेला 'ज्ञानोदय', हें सारें याच मुळाचें खोड. गॉर्डन हॉल मराठी शिकला, 'नव्या करारा'च्या मराठी भाषांतरांत खपला, आणि मार्च १८२६ मध्यें नाशिकास पटकीच्या रोग्यांना औषधें देऊन परत येतांना वाटेंत पटकीनेंच वारला. तेथें जवळ ना डॉक्टर ना नातलग. न्यूएल तर त्याच्याही आधीं, १८२१ सालीं, मुंबईस गेला. त्याची पत्नी हॅरिएट अवघी एकोणीस वर्षांची असतां १८१२ च्या नोव्हेंबरांत मॉरिशसला निवर्तली होती. सेलमच्या त्या दिवशींच्या पांच आसनांचा हा हिशेब आहे.

जडसनची गोष्ट निराळी झाली. जहाजावर ग्रंथ वाचतां वाचतां त्याचें मत असें बनलें कीं, बालकांस दिलेला बाप्तिस्मा शास्त्राला धरून नाहीं. मत बनलें तें त्यानें लपविलें नाहीं. कलकत्त्यास पोहोंचल्यावर सप्टेंबर १८१२ मध्यें त्यानें बाप्तिस्त पंथाची दीक्षा घेतली आणि ज्या मंडळीच्या पैशावर तो निघाला होता तिलाच आपण पंथ सोडल्याचें लिहून कळविलें. परक्या देशीं, गांठीं पैसा नसतांना, दोन प्रहरचें अन्न तोडणारें पत्र सत्यासाठीं लिहिणें हें सोपें नाहीं. कंपनीनें त्यालाही कलकत्त्यांतून घालवून दिलें. तेथून मॉरिशस, मॉरिशसहून मद्रास; आणि मद्रासेस जें पहिलें जहाज मिळालें तें रंगूनचें होतें. वाटेंत ॲनबाईस मृत बालक झालें. १३ जुलै १८१३ रोजीं तीं दोघें रंगूनला उतरलीं तेव्हां तिला उचलून किनाऱ्यावर न्यावें लागलें.

आतां आम्हां शिक्षकांच्या आवडीचा भाग येतो. ब्रह्मी भाषेचें चांगलेंसें व्याकरण नाहीं, कोश नाहीं, आणि शिकविणाऱ्या पंडितास इंग्रजी कळत नाहीं. समोरच्या वस्तूकडे बोट दाखवावें, पंडितानें शब्द उच्चारावा, विद्यार्थ्यानें तो टिपून घ्यावा, अशा रीतीनें आरंभ झाला. ताडपत्रांवर गोल गोल अक्षरें एकास एक चिकटून लिहिलेलीं. शब्द कोठें संपला हें समजावयासही भाषा यावी लागते. धर्माचे शब्द तर सगळे पालींतून आलेले, म्हणून तिकडेही लक्ष घालावें लागलें. सहा वर्षें त्याची अशीं गेलीं, आणि सहा वर्षांत एकही मनुष्य त्याचा झाला नाहीं. मध्यंतरीं झालेला मुलगा आठ महिन्यांचा होऊन १८१६ च्या मेमध्यें गेला. १८१९ मध्यें जडसननें रस्त्याच्या कडेला ब्रह्मदेशीय पद्धतीची एक धर्मशाळा, तिला तिकडे 'झयात' म्हणतात, बांधून तींत बसावयास आरंभ केला. आणि त्या सालच्या २७ जून रोजीं माँग नाऊ नांवाच्या पहिल्या ब्रह्मी मनुष्यानें बाप्तिस्मा घेतला.

एक गोष्ट येथें संस्कृत जाणणाऱ्या वाचकांसाठीं सांगतों. बौद्ध मनुष्यास 'शाश्वत ईश्वर' हें कसें सांगावयाचें? त्याच्या शास्त्रांत तर यच्चयावत् सर्व अनित्य. निर्माता असा कोणी नाहींच. 'फया' हा ब्रह्मी शब्द बुद्धासही लावतात व पॅगोडासही. जडसनच्या बायबलांत परमेश्वराला योजलेला शब्द 'थावर फया' असा आहे, आणि हें पाली 'थावर' म्हणजे आपलें संस्कृत 'स्थावर' होय! आपण मराठींत स्थावर म्हणजे शेतवाडी व घरदार समजतों आणि त्यासाठीं कोर्टांत जातों. तिकडे तोच शब्द अविनाशी परमेश्वराचें विशेषण होऊन बसला आहे. पुढें ज्या माणसाचें स्थावर-जंगम कांहींच उरावयाचें नव्हतें, त्याच्या ग्रंथांत तो आहे.

१८२४ सालीं ब्रह्मदेशचा राजा व इंग्रज यांचें युद्ध जुंपलें. जडसन अमेरिकन, इंग्रज नव्हे; परंतु त्याचे पैसे गाऊगर नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यामार्फत येत, आणि व्यापाऱ्याच्या वहींत ती रक्कम सांपडली. हेरास पगार मिळतो याला दरबाराच्या दृष्टीनें दुसरा पुरावा कशास पाहिजे? राजाचा संशय आम्हांस वेडगळ वाटत नाहीं. दाराशीं शत्रु आला असतां त्याच्याच रंगाचा, त्याचीच भाषा बोलणारा व त्याच्याच हातून पैसे घेणारा परदेशी मनुष्य कोणत्या राजानें मोकळा ठेवला असता? ८ जून रोजीं आवा येथील घरांत अंमलदार शिरला. बरोबर गालावर डाग दिलेला एक मनुष्य होता. तेथील तुरुंगाचे शिपाई म्हणजे मरणाची शिक्षा माफ झालेले गुन्हेगारच असत, व हा डाग ही त्यांची खूण. त्यानें जडसनला जमिनीवर पाडून दोरीनें आंवळलें.

त्या तुरुंगाचें नांव लेत-मा-यून. 'हात आंखडूं नको' असा त्याचा अर्थ सांगतात. खिडकी नाहीं, पायांत प्रथम तीन व मग पांच बेड्या, आणि रात्रीं सगळ्या कैद्यांचे पाय एका बांबूंत अडकवून तो बांबू वर ओढीत, म्हणजे केवळ खांदे व डोकें भुईस टेंकावें. सरकार कैद्यांस अन्न देत नसे. ॲनबाई रोज भात घेऊन येई, अधिकाऱ्यांच्या दारीं खेटे घाली, जवळची वस्तु नजर करी, पुन्हां दुसऱ्याकडे जाई. तिचे दिवस भरत आले होते. एकदां तिनें हातीं लागेल त्या जिनसांतून मायदेशीं सणाला करावयाचा एक पदार्थ करून पाठविला. तो पाहून जडसननें गुडघ्यांत मान घातली व रडला; त्यानें तो तोंडाला लावला नाहीं, सोबत्यास दिला. बेड्या त्यानें सोसल्या, घरचा घांस त्याला सोसला नाहीं. २६ जानेवारी १८२५ रोजीं मुलगी झाली. तिचें नांव मरिया. वीस दिवसांची झाल्यावर आईनें तिला तुरुंगाच्या दारीं नेऊन बापाला दाखविली.

'नव्या करारा'च्या भाषांतराचें हस्तलिखित ॲनबाईनें प्रथम घराखालीं पुरून ठेवलें होतें. पावसांत तें कुजेल म्हणून एका उशींत शिवून तिनें तें नवऱ्याकडे दिलें. उशी इतकी कठीण व कुरूप केली कीं कोणास तिचा लोभ होऊं नये. पुढें एकाएकीं कैद्यांना हलविलें तेव्हां शिपायांनीं ती लुटली व निरुपयोगी म्हणून फेंकून दिली. माँग इंग नांवाच्या शिष्यानें धन्याची आठवण म्हणून तो गोळा घरीं नेला. आंत काय आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. कांहीं महिन्यांनीं हस्तलिखित अक्षरही न बिघडतां मिळालें.

२ मे १८२५ च्या उन्हांत कैद्यांना अनवाणी चालवीत ऑंगपेनला येथें नेलें. वाटेंत एक ग्रीक मनुष्य मेला. जडसनच्या पायांची सालपटें निघालीं. ॲनबाई तीन महिन्यांचें मूल घेऊन मागोमाग गेली आणि तेथें अंथरुणाला खिळली. तिचें दूध आटलें. मग लांच देऊन परवानगी काढली, आणि बेड्या घातलेला हा विद्वान तान्ह्या पोरीला घेऊन गांवांतील लेंकुरवाळ्या बायकांच्या दारोदार दूध मागत हिंडूं लागला. ब्रह्मी बायांनीं तें दिलें. शत्रूचें पोर म्हणून त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. हें ऑंगपेनला गांव पुढें १८५७ सालीं वसलेल्या मंडाले शहराच्या अगदीं जवळ आहे. त्याच मंडालेच्या तुरुंगांत १९०८ पासून १९१४ पर्यंत लोकमान्य होते व तेथेंच 'गीतारहस्य' लिहिलें गेलें, हें मराठी वाचकांस सांगणें नलगे.

सुमारें सतरा महिन्यांनीं जडसनला बाहेर काढलें तें दुभाष्या म्हणून. २४ फेब्रुवारी १८२६ रोजीं यांदाबोचा तह झाला. सर्व मोकळीं झालीं. आणि खरी परीक्षा येथून पुढें सुरू झाली, असें आमचें मत आहे.

इंग्रजांचे वकील क्रॉफर्ड आवा येथें व्यापारी करार करावयास निघाले. त्यांनीं दुभाषी म्हणून जडसनला बोलाविलें. करारांत धर्मस्वातंत्र्याचें कलम घालून घेतां येईल, या आशेनें तो गेला. पत्नी व मुलगी अॅम्हर्स्ट या नव्या ठाण्यांत राहिलीं. करार झाला, त्यांत तें कलम नव्हतें. तेथें असतांनाच काळ्या लाखेचें पत्र आलें. मुलीचें असेल, असें समजून त्यानें तें फोडलें. पत्र पत्नीचें होतें: ॲनबाई २४ ऑक्टोबर रोजीं तापानें वारली होती, वय छत्तीस. उशाशीं नवरा नव्हता. होपियाच्या झाडाखालीं तिला पुरलें. सहा महिन्यांनीं मरियाही तेथेंच गेली. ती सवादोन वर्षांची होती.

जो मनुष्य पांच बेड्यांत मोडला नाहीं तो आतां मोडला, आणि ही गोष्ट आम्हांस अगदीं स्वाभाविक दिसते. तुरुंगांत दुःख देणारा शत्रु समोर असतो. येथें शत्रु कोणता? ज्या कामासाठीं बायकोला एकटी सोडून गेला तें कामही झालें नाहीं, आणि तें काम ईश्वराचें होतें! जडसन मौलमीनला आला. प्रथम त्यानें विद्यालयानें दिलेली धर्माचार्याची पदवी टाकली, मग खाजगी पैसा मिशनला देऊन टाकला, मग बहिणीस लिहून आपलीं जुनीं पत्रें नष्ट करावयास सांगितलें. लोकांत जेवणें सोडलें. २४ ऑक्टोबर १८२८, म्हणजे पत्नीच्या दुसऱ्या श्राद्धदिनीं म्हणूं या, तो गांवाबाहेर रानांत बांबूच्या झोंपडींत एकटा राहावयास गेला. वाघांचें तें रान. झोंपडीजवळ त्यानें स्वतःसाठीं खड्डा खणला आणि त्याच्या कांठीं बसून आपला देह मातींत कसा कुजेल याचें चिंतन तो तासन् तास करी. एकदां आणखी आंत, एका मोडक्या देवळाजवळ, थोड्याशा तांदळावर त्यानें चाळीस दिवस काढले. चरित्रांत अशीही हकीकत आहे कीं, त्याच्या मागोमाग एक वृद्ध ब्रह्मी शिष्य गुपचूप गेला, व दुसऱ्या दिवशीं जडसन येऊन पाहतो तों बसावयास बांबूची बैठक व वर फांद्यांचें छप्पर! कोणी केलें हें त्याला त्या वेळीं कळलें नाहीं.

याला आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणतील. परंतु स्मशानवैराग्य घरीं येऊन आंघोळ होईपर्यंत टिकतें. हें दोन-तीन वर्षें टिकलें. बौद्ध भिक्षूंत देहाच्या कुजण्याचें चिंतन करण्याची साधना आहे; बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गां'त प्रेताच्या दहा अवस्था सांगून ती शिकविली आहे. बौद्धांस आपला मार्ग शिकवावयास आलेला मनुष्य अजाणतां त्यांच्याच साधनेच्या उंबऱ्याशीं येऊन बसला, हें पाहून आम्हांस हंसूं येत नाहीं. मात्र दोहोंत एक मोठें अंतर आहे. भिक्षु तें चिंतन आसक्ति सुटावी म्हणून करतो. जडसन तें करीत होता स्वतःस शिक्षा म्हणून. वैराग्य नव्हे, तो विषाद होता. ईश्वर आहे, ही त्याची निष्ठा गेली नव्हती. पण तो आपणास कोठें सांपडत नाहीं, असा भावार्थ त्या काळांतील त्याच्या एका पत्रांत आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायास 'अर्जुनविषादयोग' हें नांव आहे. विषादाला योग म्हणणाऱ्या आमच्या पूर्वजांस अशा अवस्थेची ओळख असलीच पाहिजे.

तो यांतून बाहेर कसा आला, हें विचारलें तर चमत्कार म्हणून दाखवावयास कांहीं नाहीं. १८२९ सालीं भाऊ वारल्याची बातमी आली. तो भाऊ शेवटीं श्रद्धेनें मेला असें कळल्यावर त्याचें मन थोडें हललें, असें म्हणतात. भाषांतर व उपदेश त्यानें अगदींच टाकले नव्हते. १८३० सालीं तो इरावतीवरून वर प्रोमला गेला. पुढल्या वर्षापासून साल्वीन नदीच्या बाजूनें केरेन लोकांच्या रानांत हिंडूं लागला. रान तेंच, पण आतां त्यांत माणसें होतीं. हे केरेन डोंगरांतले, ब्रह्मी लोकांनीं हलके लेखलेले, ज्यांस लिपि नाहीं असे. आपलें हरवलेलें पुस्तक गोरा भाऊ घेऊन येईल, अशी त्यांच्यांत जुनी दंतकथा होती. त्यांच्यांतील पहिला ख्रिस्ती को था ब्यू हा पूर्वींचा दरोडेखोर. तो कर्जापायीं गुलाम झाला होता व मिशनच्या मंडळींनीं पैसे भरून त्याला सोडविला होता. दहा वर्षांत रंगूनला जेमतेम अठरा माणसें मिळालीं होतीं. येथें गांवेंच्या गांवें ऐकावयास बसूं लागलीं. यांत त्या दंतकथेचा वांटा किती, दुर्बळाला वर पाहावयास मिळालेल्या मार्गाचा किती आणि जडसनच्या उपदेशाचा किती, हें वांटून दाखविणें कठीण आहे. शेवटचा वांटा फार मोठा मानावयास आम्ही तयार नाहीं.

भाषांतराचें मात्र निश्चित सांगतां येतें. ३१ जानेवारी १८३४ रोजीं संपूर्ण बायबलाचा पहिला खर्डा पुरा झाला. दुरुस्त आवृत्ति १८४० सालीं झाली. पुढचीं वर्षें कोशाचीं. आज त्या देशाला म्यानमार म्हणतात, आणि तेथील ख्रिस्ती मंडळी अद्यापि जडसनचें भाषांतर वाचतात.

१८३४ सालींच त्यानें बोर्डमन नांवाच्या मृत सहकाऱ्याच्या विधवेशीं, साराबाईशीं, लग्न केलें. तिला आठ मुलें झालीं, आणि प्रकृति खालावल्यामुळें तिला अमेरिकेस नेत असतां १८४५ च्या सप्टेंबरांत ती सेंट हेलेना बेटाशीं वारली. तेहतीस वर्षांनीं मायदेशीं आलेल्या जडसनला सभांतून मोठ्यानें बोलवेना. तो कुजबुजे व शेजारचा मनुष्य तें लोकांस मोठ्यानें सांगे. तेथें एमिली नांवाच्या तरुण लेखिकेशीं त्याचें तिसरें लग्न झालें व तो पुन्हां मौलमीनला परतला. १८५० सालीं छातीच्या विकारानें तो फार खंगला. समुद्राच्या हवेनें बरें वाटेल म्हणून त्याला एका फ्रेंच जहाजावर चढविलें. एमिलीबाई गर्भवती असल्यानें तिला बरोबर जातां आलें नाहीं. १२ एप्रिल रोजीं बंगालच्या उपसागरांत तो वारला व त्याच संध्याकाळीं त्याला समुद्रांत सोडलें. दहा दिवसांनीं मौलमीनला एमिलीबाईस मृत बालक झालें. नवरा गेल्याची बातमी तिला कळावयास ऑगस्टची अखेर उजाडली.